शामिसेनचा आवाज: 'कर्कश' लिहावं की 'मधुर'?

शरयू_ओसाका:
नमस्कार मंडळी,
इथल्या मराठी लोकांच्या दिवाळी अंकासाठी शामिसेनवर लिहायला घेतलंय आणि मी वर्णनापाशीच अडकलेय. जिकडे बघावं तिकडे 'जपानी गिटार' नाहीतर 'तीन तारांची जपानी सतार' असं लिहून लोक मोकळे झालेत, मला दोन्ही पटत नाहीत. गिटारला पडदे असतात, ह्याला एकही नाही, सतारीला भोपळा असतो आणि ह्याला चौकोनी लाकडी चौकट नि तिच्या दोन्ही तोंडांवर ताणून चिकटवलेलं कातडं. लांबी साधारण एक मीटर, दांडी सडपातळ, तारा तीन आणि त्याही धातूच्या नाहीत, पिळलेल्या रेशमाच्या (आता नायलॉनच्याही मिळतात). उजव्या हातात हे एवढं मोठं पातं, त्याला बाची म्हणतात, जपानी लोकांना त्यात गिंको झाडाचं पान दिसतं, माझा नवरा म्हणाला हे तर उलथनं आहे.

मी ऐकलंय ते जास्त करून इथल्या राष्ट्रीय बुनराकू थिएटरमध्ये, १९८४ साली उघडलं ते. बुनराकू म्हणजे बाहुल्यांचं नाटक, मुख्य पात्राची एकेक बाहुली तिघं मिळून चालवतात. पण माझं अर्धं लक्ष उजवीकडे, तिथे एक छोटा फिरता मंच असतो, तो गर्रकन फिरतो आणि दोन माणसं समोर येतात. एक तायू, म्हणजे सगळ्या पात्रांचं बोलणं, रडणं, भांडणं नि शिवाय निवेदन एकट्याने म्हणणारा, आणि त्याच्या शेजारी शामिसेनवाला. हा माणूस चेहऱ्यावरची रेघ हलवत नाही, मधेच फक्त 'हो', 'योऽ' असा हुंकार देतो आणि बाची खाडकन कातड्यावर आपटते ती पार शेवटच्या रांगेत कळते.

तर प्रश्न असा की त्या आवाजात एक खरखर आहे, झणझण म्हणा हवं तर. कर्कश लिहिलं तर वाद्यावर अन्याय, मधुर लिहिलं तर ते खरंच नाही. तुम्ही काय लिहाल?

उसळपाव:
यूट्यूबवर लगेच ऐकलं. खरं सांगू का, मला तर बँजोच वाटला. पण विषय भारी आहे, वाचतोय.

जेएलपीटी_ग्रस्त:
बँजो वाटला तर त्यात काही गैर नाही उसळपाव, उलट गिटारपेक्षा ते जवळचंच आहे, चौकटीवर कातडं आणि त्यावर घोडी (तारा उचलून धरणारा छोटा तुकडा), म्हणजे तार वाजली की आधी कातडं थरथरतं, तिथेच आवाज घडतो.

शरयूताई, तुम्ही ओसाकात आहात म्हणजे शामिसेनच्या जपानी माहेरीच आहात. मूळ वाद्य चीनचं, सानशिएन, तिथून ते र्‍युक्यू बेटांवर म्हणजे आजच्या ओकिनावात गेलं आणि तिथे त्याचं सानशिन झालं, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर व्यापारी जहाजांबरोबर साकाई बंदरात उतरलं. साकाई तुमच्या शेजारीच. ओकिनावाच्या सानशिनवर अजगराचं कातडं असतं, जपानात एवढ्या मोठ्या सापाचं कातडं मिळणार कुठून, मग मांजर नि कुत्रं आलं. आणि हे वाद्य पहिल्यांदा हातात घेतलं ते बिवा वाजवणाऱ्या अंध कलावंतांनी असं मानतात. बिवा हे त्यांचं जुनं वाद्य आणि ते बाचीनेच वाजतं, तीच सवय त्यांनी इकडे आणली. ओकिनावात बोटात म्हशीच्या शिंगाची लांब नखी घालतात, त्यामुळे सानशिन किती मऊ वाजतं ते ऐका आणि मग शामिसेन ऐका, एकाच घरातली दोन भावंडं पण एक बोलतं आणि दुसरं खेकसतं.

माऊची_आई:
मांजर??? म्हणजे खरंच मांजर?

जेएलपीटी_ग्रस्त:
हो ताई. एदो काळात (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) तर गेइशांना गमतीने 'नेको' म्हणजे मांजर म्हणायचे ते ह्या वाद्यावरूनच. सरावाच्या आणि जोरात वाजवायच्या शामिसेनला कुत्र्याचं कातडं, ते जाड असतं. आता मात्र कृत्रिम कातडं खूप चालतं, बकरीचं, कांगारूचंही वापरून बघतात.

माऊची_आई:
मी हा धागा इथेच सोडते. अंगावर काटा आला.

तंबोरेवाला:
सोडू नका हो, आपल्या ढोलकी-तबल्याला तरी काय असतं, बकरीचंच असतं ना. तोक्योला र्‍योगोकुत एकोइन नावाचं देऊळ आहे तिथे गिदायूवाल्यांनी, म्हणजे ह्या बुनराकूच्या गायक-वादक मंडळींनी, कुत्र्यामांजरांसाठी स्मारकस्तंभ उभारलाय. म्हणजे त्यांनाही बोचतंच.

आता शरयूताईंच्या प्रश्नाकडे येतो. आमचं घर तंतुवाद्यांच्या कामातलं, त्यामुळे हे वाचून हात शिवशिवले. ती खरखर चुकून आलेली नाहीये, मुद्दाम बनवलेली आहे, तिला जपानीत सावारी म्हणतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी कशी, घोडीचा माथा घासून घासून त्याला बारीकसा उतार द्यायचा म्हणजे तार सुटली की त्या उताराला घासत राहते, वर सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरायची, मग एका तारेतून सगळे वरचे स्वर उमलतात. त्यांचा हेतू तोच पण जागा उलट! आपण हे खाली घोडीवर करतो, ते वर करतात, खुंट्यांच्या खाली जिथून तारा दांडीवर येतात तिथे. तिथे एक छोटी धातूची पट्टी असते पण तिच्यावर फक्त दोनच तारा टेकतात, दुसरी आणि तिसरी. पहिली, सगळ्यात जाड तार, त्या पट्टीच्या बाहेरून थेट लाकडावर येते, आणि तिथे लाकूड कोरून एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो त्याला ती तार जेमतेम शिवते. जास्त शिवली तर तार बसते, कमी शिवली तर काहीच होत नाही. काही शामिसेनला मागून एक स्क्रू असतो, तो फिरवून हे कमीजास्त करता येतं, आझुमा-सावारी म्हणतात त्याला.

आणि खरी गंमत पुढे आहे. खरखर फक्त पहिल्या तारेची, पण तिसरी तार जर बरोबर वरच्या षड्जावर लागली असेल तर ती छेडल्यावर पहिली तार न छेडता आपोआप झणझणायला लागते. सूर हलला की झणझण गायब. म्हणजे वाजवणाऱ्याला कान सांगतातच पण वाद्यही सांगतं की आता जुळलंय. त्यामुळे तुम्ही 'खरखर' असं लिहाल तर लोकांना वाटेल रेडिओ बिघडलाय. 'जवारीदार' लिहा, मराठी वाचकाला एका शब्दात कळेल. मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात जवारी हा शब्द भरपूर छापून आला होता, आता तो फक्त गाणाऱ्यांचा राहिला नाही.

उसळपाव:
हे भारीच. मी आत्ता परत ऐकलं, पहिली जाड तार वाजली की मागे डास घोंगावल्यासारखं होतंय ते हेच ना?

तंबोरेवाला:
तेच. डास नका म्हणू पण तेच.

मध्यलय:
जवारीला अनुमोदन, पण एक सावध करतो. तंबोऱ्याची जवारी अखंड असते, चारही तारा बोलत राहतात आणि सूर कधी संपतच नाही. शामिसेनचा आवाज टणकन येतो आणि लगेच विरतो, कातडं आहे ना, लाकडी तबलीसारखं ते आवाज धरून ठेवत नाही. सावारीमुळे त्याला थोडं शेपूट मिळतं एवढंच. नुसतं जवारीदार वाचून माणूस डोळे मिटून तंबोऱ्याची आस ऐकायला बसेल आणि त्याला बसतील फटके.

तारा कशा जुळवतात तेही लेखात टाका, आपल्या लोकांना सरगमीत लगेच कळेल. मुख्य तीन पद्धती आहेत. होन्चोशी म्हणजे मूळ जुळणी, ती सा-म-सां. मधली तार एक स्वर चढवली की सा-प-सां, तिला निआगारी म्हणतात, दुसरी चढवलेली. आणि मूळ जुळणीतली तिसरी तार उतरवली की सा-म-कोमल नी, सान्सागारी, तिसरी उतरवलेली. नावातच सगळं आलं. सा कुठला घ्यायचा ते गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे, आपल्यासारखंच. आणि एकाच रचनेत मधेच जुळणी बदलायची असते, वाजवता वाजवता डावा हात खुंटीवर जातो, पिळतो आणि परत दांडीवर येतो, लय तसूभर हलत नाही. रेशमी तार तर तशीही वाजवता वाजवता उतरत जाते, त्यामुळे खुंटीशी झटापट ही त्यांच्या वाजवण्यातच धरलेली असते.

शरयू_ओसाका:
बापरे, दोन तासांत एवढं! तंबोरेवाला काका, वर-खालीचं एकदम लख्ख कळलं. ती तिसऱ्या तारेची गोष्ट मला इथे कुणी सांगितलीच नव्हती.

रेशमाच्या तारांवरून आठवलं, त्या पिवळ्याधमक असतात, आणि परंपरेने तो रंग हळदीचा! बिवा सरोवराच्या उत्तरेला किनोमोतो म्हणून गाव आहे तिथे ह्या रेशमी तारा बनवतात.

कुडाळी_खाजं:
हळदीची तार! आता भारतातलं अजून काही निघालं तर सांगा.

तंबोरेवाला:
निघतं की. उत्तम शामिसेनची दांडी ज्या लाकडाची असते त्याला ते कोकी म्हणतात, ते म्हणजे आपलं रक्तचंदन. आंध्रात पूर्व घाटाच्या दक्षिण टोकाला शेषाचलमच्या डोंगरात जे होतं तेच, त्या भागाबाहेर ते जंगलात आपणहून उगवत नाही. पाण्यात बुडतं इतकं जड आणि घट्ट, हवेने वाकत नाही, तारा दाबून दाबून लवकर झिजतही नाही. नीट घासलं की आत वाघाच्या पट्ट्यासारखी चमक दिसते, ती दिसली की किंमत चढली. पण तस्करीमुळे १९९५ पासून ते सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही, त्यामुळे नवीन कोकी दुर्मिळ होत चाललंय आणि जुन्या दांड्यांना मान आलाय. त्याखालोखाल शितान आणि करीन ही लाकडं, शिकणाऱ्यांना करीनच देतात. दांडी तीन तुकड्यांत सुटते, प्रवासात नेता यावी म्हणून, आणि ते सांधे इतके नेमके बसतात की जोडल्यावर नखाला फट लागत नाही. सुतारकाम बघायला म्हणून तरी एकदा हातात घ्याच.

आतून चौकटीला कधीकधी नागमोडी रेघा कोरलेल्या असतात, बाहेरून कुणाला दिसतही नाहीत, आवाजासाठी म्हणून केलेलं काम.

माऊची_आई:
(मी वाचतेय अजून.) बाची पण हस्तिदंताची असते म्हणे?

तंबोरेवाला:
असायची. घोडी, खुंट्या, बाची, सगळ्यात हस्तिदंत चालायचा, बंदी आल्यापासून पर्याय शोधतायत. जुनी हस्तिदंती बाची मिळाली तरी विमानातून आणायच्या भानगडीत पडू नका कुणी.

उत्तरेकडचा:
धागा छान चाललाय पण सगळं ओसाका नि रंगमंच. मी कामानिमित्त आओमोरीकडे राहिलोय, तिथलं शामिसेन वेगळं जनावर आहे. एकूण दांडीच्या जाडीवरून तीन जाती आहेत: होसोझाओ म्हणजे बारीक, काबुकी नाटकातल्या नागाउता गाण्याला, चूझाओ म्हणजे मध्यम, बैठकीतल्या जिउता गाण्याला वगैरे, आणि फुतोझाओ म्हणजे जाड. ही जाड दांडी शरयूताईंच्या बुनराकूत, आणि आमच्या उत्तरेच्या त्सुगारू-जामिसेनमध्ये.

त्सुगारूचं शामिसेन हे भिक्षेकऱ्यांचं वाद्य. बोसामा म्हणायचे त्यांना, अंध माणसं, दारोदार जाऊन वाजवायची आणि पसाभर तांदूळ घ्यायची. नितारो आकिमोतो ऊर्फ निताबो (१८५७-१९२८) ह्याच्यापासून ही परंपरा सांगतात. बर्फात, वाऱ्यात, दाराबाहेर उभं राहून वाजवायचं तर नाजूक वाजवून कसं चालेल, घरातल्या बाईने दार उघडलं पाहिजे. म्हणून बाची कातड्यावर अशी आपटायची की ताशा वाटावा, आणि दुसऱ्या वादकापेक्षा वेगळं वाजवायचं, त्यातून आयत्या वेळी रचून वाजवण्याची सवय लागली. ताकाहाशी चिकुझान (१९१०-१९९८) हे ह्यातलं सगळ्यात मोठं नाव, लहानपणी गोवर होऊन नजर गेली, तरुणपणी दारोदार भटकले आणि सत्तरच्या दशकात तोक्योच्या शिबुयातल्या एका छोट्या थिएटरात कॉलेजची पोरं त्यांना ऐकायला गर्दी करायची. १९८६ ला अमेरिकेचा दौरा झाला. आता जे योशिदा ब्रदर्स वगैरे केस रंगवून वाजवतात ते सगळं ह्याच झाडाचं.

आणि बायका विसरू नका. निइगाताकडे गोझे असायच्या, अंध स्त्रिया, एकीच्या मागे एक अशा रांगेत, पुढचीच्या पाठीवरच्या गाठोड्याला हात लावून बर्फातनं गावोगाव जायच्या. त्यांची संघटना होती, कडक नियम होते, पुरुषाशी संबंध आला की संघटनेबाहेर. गावात गेल्या की लोक त्यांना रेशमाच्या किड्यांसमोर गायला लावायचे, किडे चांगले पोसतात म्हणून! कोबायाशी हारू ही शेवटची मोठी गोझे, जन्म १९००, वारली २००५ मध्ये. पाचव्या वर्षी शिकायला बसवली, हिवाळ्यात नदीकाठी उभं करून थंडीत ओरडून ओरडून आवाज तयार करून घ्यायचे. १९७८ मध्ये सरकारने तिला राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान दिला, तोवर गोझेंचा रस्ता बंद झालेलाच होता. तिचं रेकॉर्डिंग ऐका, गाणं गोड अजिबात नाही, फाटलेला उघडा आवाज आणि खाली शामिसेन टकटक करत चाललेलं. ते ऐकलं की तुमचा कर्कश-मधुरचा प्रश्नच पडणार नाही.

मध्यलय:
+१. शेवटच्या वाक्याला विशेष.

कुडाळी_खाजं:
ताशा हा शब्द मला पटला. हे अर्धं तालवाद्यच आहे की मग. आमच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या लहानपणापासून बघतोय, तिथे एक जण सूर धरतो नि दुसरा ताल, इथे तो एकटा माणूस दोन्ही करतोय.

जेएलपीटी_ग्रस्त:
अगदी. आणि शिकवायची पद्धत पण तालवाद्यासारखी, बोल आहेत! कुची-जामिसेन म्हणजे तोंडाने शामिसेन. तिसरी तार मोकळी वाजली तर 'तेन्', दाबून वाजली तर 'चिन्', दुसरी मोकळी 'तोन्', दाबून 'त्सुन्', दोन तारा एकदम तर 'शान्'. चिन् तोन् शान् असं म्हणत म्हणत गुरू शिकवतो, आणि बोल पाठ झाला की बोट कुठे ठेवायचं ते त्यातच कळतं, तबल्याच्या वर्गासारखं.

हाच शब्द बोलण्यातही शिरलाय, कुची-जामिसेन म्हणजे गोड बोलून गुंडाळणं. माहजोंग हा सोंगट्यांचा खेळ खेळताना हातात चांगल्या सोंगट्या असून तोंड पाडून उसासे टाकणाऱ्याला म्हणतात, हा बघा शामिसेन वाजवतोय. तसंच पडदे नसलेल्या दांडीवर बोट दाबायची जी नेमकी जागा, कानदोकोरो, ती ऑफिसातही ऐकू येते, कामातली मेख कुठे आहे ते कळलं की त्याने कानदोकोरो पकडला म्हणतात. माझ्या सेन्सेइ, म्हणजे शिक्षिका, हे शिकवताना फार खूश होत्या आणि मला परीक्षेत नेमकं तेच आलं नाही, ते असो.

शरयूताई, बुनराकूवरून एक किस्सा अंकात टाकाच. मेइजी काळात (१८६८-१९१२) तोक्योत बायकांनी म्हटलेल्या गिदायूचं, म्हणजे बुनराकूतल्या त्या गायनाचं, एवढं वेड होतं की कॉलेजची पोरं थिएटरात ठाण मांडून बसायची आणि गाणारी रडण्याच्या जागेवर आली, आवाज कापायला लागला की सगळी मिळून ओरडायची 'दो सुरू, दो सुरू!' म्हणजे आता काय करायचं, आता काय करायचं! त्या पोरांना नावच पडलं दोसुरू-रेन, दोसुरू टोळी. आपल्या संगीत नाटकातले वन्स मोअरवाले परवडले.

उसळपाव:
हाहाहा दो सुरू टोळी. मला इथे मुंबईत शामिसेन मिळेल का? सीरियसली विचारतोय.

तंबोरेवाला:
मागवाल पण कातडं खरं घेऊ नका. चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ असते, दमट हवेत ती सैल पडते आणि ताणलेलं कातडं फाटतं, जपानातच पावसाळ्यात लोकांची फाटतात. मुंबईच्या जुलैत तर विचारूच नका. कृत्रिम कातडं, करीनची दांडी, नायलॉनच्या तारा आणि प्लॅस्टिकची बाची, सुरुवातीला एवढं पुरे. आणि दांडी उभी टेकवून ठेवायची नाही, पिशवीत आडवी. तारा सैल करून.

आणि घेणारच असाल तर बनवणारे आहेत तोवर घ्या. तोक्योजवळ हाचिओजीत तोक्यो वाग्गाक्की म्हणून शामिसेन बनवणारी सगळ्यात मोठी कंपनी, १८८५ पासूनची, ती २०२० मध्ये कोरोनात कार्यक्रम बंद पडल्यावर कायमची बंद करायचं ठरलं होतं. लोकांनी पैसे पाठवले म्हणून तरली. सगळ्यात मोठ्याची ही गत.

शरयू_ओसाका:
मंडळी, एक परिच्छेद जुळवलाय, बघा आणि ठोका:

"शामिसेन छेडत नाहीत, मारतात. बाची एकाच फटक्यात तारेवर आणि तिच्याखालच्या कातड्यावर पडते, त्यामुळे सूर आणि ठोका एकत्र निघतात. आवाज कोरडा, चटकन विरणारा, पण जाड तार वाजली की त्याच्यामागे जवारीची झणझण उठते, आणि तारा नीट जुळल्या असतील तर ती जाड तार न वाजवताही उठते. रंगमंचावर तो तायूच्या रडण्याला टेकू देतो, उत्तरेच्या बर्फात तो बंद दार ठोठावतो."

मध्यलय:
पहिलं वाक्य तसंच ठेवा. 'मारतात' जरा अति वाटेल, पण बुनराकू आणि त्सुगारूला बरोबर आहे. जिउतावाले मात्र रागावतील, ते हळुवार वाजवतात, आणि कोउता म्हणून छोटी गाणी असतात त्यात तर बाचीच नसते, बोटाच्या टोकाने वाजवतात. एक वाक्य त्यांच्यासाठी घाला.

उत्तरेकडचा:
दार ठोठावतो हे आवडलं. गोझेंचं नाव घ्या त्यात, नाहीतर लोक फक्त योशिदा ब्रदर्स शोधतील.

माऊची_आई:
छान लिहिलंय. पण 'कातडं' एवढंच लिहून पुढे जाऊ नका, कुणाचं ते लिहा. आणि ते स्मारकही.

शरयू_ओसाका:
तिन्ही घालते. शब्दमर्यादा ओलांडतेय, संपादक ओरडतील, दो सुरू!

उसळपाव:
आणि ते कोतो म्हणून आडवं मोठं असतं ते वेगळं ना?

जेएलपीटी_ग्रस्त:
पूर्ण वेगळं, तेरा तारा, प्रत्येक तारेला स्वतःची सरकती घोडी. त्याला वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर शरयूताईंचा अंक पुढच्या दिवाळीला निघेल.